मंजू, एक काम तरी सावकाश कर

पुणे,
श्रावण

प्रिय मंजू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर धावून रात्री हाती काहीच लागत नाही, असं तू लिहिलंस, ते मनातून जात नाहीये. शिबिराला जायचं म्हणतेस, जरूर जा. पण परत आल्यावर तोच डबा, तीच बस आणि तोच फोन असणार. म्हणून मला वाटतं, सुरुवात घरातूनच करावी.

मी शनिवारी भाजीला मंडईत चालत जाते. १८८६ सालची ती दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि खाली ओल्या भाज्यांचा वास. ठरलेल्या मावशी आहेत. परवा म्हणाल्या, "मेथी नको नेऊ बाई, पावसानं सडलीये. अळू ने." ॲपवरून भाजी दहा मिनिटांत दारात येते, पण असं कोण सांगणार?

घरी येऊन हाताला तेल लावलं, फोन आतल्या खोलीत ठेवला आणि देठं सोलायला बसले. वडीची काळ्या देठाची पानं वेगळी काढली, बाकीची फदफद्याला. देठाची साल टोकाला धरून ओढली की लांबच लांब निघते. घाई केली तर मध्येच तुटते. डाळ-दाणे भिजत घातलेले होते. सासूबाई समोर येऊन बसल्या, त्यांनीही चार देठं ओढून घेतली आणि आपणहून पानशेतच्या पुराचं बोलू लागल्या. १२ जुलै १९६१. तेव्हा त्या लहान होत्या, घर नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर घरभर चिखल, आणि त्या चिखलात त्यांच्या आईला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा सापडली. आपल्या देवघरात आहे ना, तीच! मी रोज तिला हळदकुंकू वाहते, गं. आता वाहताना हात जरा थांबतो.

टीव्हीसमोर जेवताना हे कधीच निघालं नसतं. हात कामात असले आणि उठायची घाई नसली की माणसं बोलतात, असा माझा अनुभव आहे. मला तरी जगण्याचा अर्थ असाच सापडतो, माणसांच्या बोलण्यातून.

सगळा दिवस संथ कर, असं मी म्हणत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला ते परवडायचं नाही. एकच काम निवड. काकू सध्या तुझ्याकडेच आहेत ना? रविवारी त्यांना घेऊन मटार सोलायला बस, आणि त्यांच्या शाळेबद्दल विचार. काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही.

तुझी,
वासंती