निकाल न्यायालयाचा, पुण्य चिठ्ठी देणाऱ्याचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याच्या कायद्यावर न्यायालयाचा निकाल आला की मतदार कुणाकडे झुकेल, याची चर्चा वर्तमानपत्रांतून अधूनमधून रंगते. बहुतेकांचा हिशेब सरळ असतो. निकाल ज्याच्या बाजूने, निवडणुकीत फायदा त्याचा. मी नाशिकच्या मुंबई नाका परिसरात मेडिकल चालवतो. आजूबाजूला हॉस्पिटलांची दाटी आहे, त्यामुळे कायदा, योजना, निकाल हे सगळे माझ्यापर्यंत बिलाच्या रूपाने काउंटरवर येते. तिथून पाहिले की हा हिशेब जुळत नाही.

उदाहरण सगळे अमेरिकेचे देतात, तर तेच घेऊ. ओबामांचा आरोग्यविमा कायदा मार्च २०१० मध्ये झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कनिष्ठ सभागृहातल्या ६३ जागा गेल्या. विमा काढा नाहीतर दंड भरा, ही सक्ती लोकांना खुपत होती आणि फायदे अजून कागदावरच होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जून २०१२ रोजी, अध्यक्षपदाची निवडणूक चार-साडेचार महिन्यांवर असताना, पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला. तो टिकवला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या मताने, आणि रॉबर्ट्स यांना नेमले होते विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या धाकट्या बुश यांनी. दंड म्हणजे एक प्रकारचा करच, असा मार्ग त्यांनी काढला. लोकांनी जी राजकीय निवड केली तिच्या परिणामांपासून लोकांना वाचवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असेही निकालात लिहून ठेवले. ओबामा नोव्हेंबरात जिंकले खरे, पण ते या निकालामुळे जिंकले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. समोर रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी होते, आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना २००६ मध्ये त्यांनी स्वतःच जवळजवळ तसाच कायदा केला होता. त्यांनी टीका करायची तरी कुठल्या तोंडाने?

खरी गंमत पुढे आहे. २०१४ पासून विमा प्रत्यक्ष लोकांच्या हातात पडला. आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, हा नियम लागू झाला. मग २०१८ च्या सुरुवातीला रिपब्लिकनांच्या ताब्यातली राज्ये अख्खा कायदाच रद्द करा म्हणून टेक्सासच्या न्यायालयात गेली. निकाल आला १४ डिसेंबरला, म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर. पण तोवर हा खटला हाच प्रचाराचा मोठा मुद्दा झाला होता आणि रिपब्लिकनांनी कनिष्ठ सभागृहातले बहुमत घालवले होते. ज्या कायद्यापायी एका पक्षाने आठ वर्षांपूर्वी मार खाल्ला, त्याच कायद्याला हात लावला म्हणून दुसऱ्याने खाल्ला.

गर्भपाताच्या निकालाचेही तेच. १९७३ पासून असलेला हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी काढून घेतला आणि दीड महिन्याच्या आत कॅन्ससमध्ये या प्रश्नावर मतदान झाले. हे राज्य १९६४ नंतर अध्यक्षपदासाठी कधीही डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या मागे गेलेले नाही. तिथे सुमारे ५९ टक्के मतदारांनी हक्काच्या बाजूने कौल दिला. असलेले राहू देणाऱ्या निकालाने मत हलताना दिसत नाही, हातातले काढून घेणाऱ्याने हलते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडचे निकाल तर देणारे आहेत, आणि ते आजचे नाहीत. जखमी माणूस दारात आला की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी उपचार करायचे, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. १९९६ च्या निकालातला माणूस पश्चिम बंगालमधला शेतमजूर होता. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेला. त्याला कोलकात्यातल्या एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठवले आणि शेवटी खासगीत पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. महाराष्ट्रात तर २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी योजनाच घालून दिली: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्के बाजूला काढून वेगळा निधी. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही. हे सगळे रीतसर छापलेले, शिक्क्यानिशी आहे.

आणि काउंटरवर काय दिसते? मागे दिंडोरीकडचे एक गृहस्थ आले होते. वडिलांना जवळच्याच एका रुग्णालयात दाखल केले होते. प्लास्टिकच्या पिशवीत पिवळे रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, सगळे घडी घालून नीट ठेवलेले. 'दादा, चॅरिटीत बसतं का हो हे?' असे त्यांनी मला विचारले, कारण रुग्णालयात विचारायचे कुणाला हेच त्यांना कळले नव्हते. मी म्हटले, बोर्ड असेल बघा, लावावाच लागतो. बोर्ड होता, वॉटर कूलरच्या मागे. खिडकीवर उत्तर मिळाले: 'चॅरिटीचे बेड फुल आहेत. आमदारांचं पत्र आणता का?' संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाच्या तरी ओळखीने एका नगरसेवकाच्या माणसाला गाठले. फोन गेला. रात्री खाट मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घ्यायला आले तेव्हा त्या नगरसेवकाचे नाव घेताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

त्या हातांना मी कसा दोष देऊ? चिठ्ठीने माणूस वाचतो, हे मी रोज बघतो. आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या कार्यालयांत वैद्यकीय मदतीसाठी स्वतंत्र माणूस बसवलेला असतो, तो अर्ध्या रात्री फोन उचलतो आणि खरोखर पळतो. पण तो जे मिळवून देतो ते न्यायालयाने वीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. तेव्हा निकालाने मतदार झुकतो का, या प्रश्नाला नाशिकपुरते माझे उत्तर 'हो' असे आहे. झुकतो, पण ज्याने निकालाचा कागद मधल्या मध्ये धरून ठेवून उपकार म्हणून हातात दिला त्याच्याकडे. आणि ज्या हक्काची ओळखच नाही तो काढून घेतला तरी कुणाला कळणार? कॅन्ससमध्ये लोक रांगा लावून मतदानाला आले, कारण आपल्या हातून काय जाऊ शकते हे त्यांना नेमके ठाऊक होते.

म्हणून तर निवडणुकीत आपल्याकडे आरोग्य हा विषय शिबिरांपुरता उरतो. मोफत नेत्र तपासणी, चष्मेवाटप, बॅनरवर उमेदवार हसताना. एप्रिल २०२१ मध्ये महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तेव्हा सगळे शहर सुन्न झाले होते. नंतर वॉर्डात मते मागायला आलेल्या किती जणांना त्या रुग्णालयाबद्दल कुणी विचारले? माझ्या गल्लीत तरी रस्ता, ड्रेनेज आणि पाण्याच्या वेळा यापुढे गाडी गेली नाही. जिल्ह्यात विचारले ते सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी. रस्ते, पाणी, दवाखाने नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा, असे त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये उघड सांगितले. हद्दीपलीकडे काय मिळते आणि आपल्याला काय मिळत नाही, हे त्यांना रोज दिसत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याशी निगडित आहे, म्हणून ती हितसंबंध जाहीर करूनच लिहितो. रुग्णालयाच्या आतल्याच मेडिकलमधून औषधे घ्यायला लावतात, या तक्रारीवरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. ४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने स्वतः बंधन घातले नाही, धोरण राज्यांनी ठरवावे असे सांगितले. आम्हा बाहेरच्या मेडिकलवाल्यांना मनाई हुकूम हवा होता, हे उघड आहे. पण शांतपणे पाहिले तर हे रॉबर्ट्स यांच्याच वाटेचे बोलणे झाले: निवड तुमची, तुम्ही निवडलेल्यांना विचारा. आणि विचारायला कुणी गेले नाही. औषधविक्रेत्यांच्या बैठकीत चार दिवस चर्चा झाली, मग सीझन सुरू झाला. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्या पेशंटच्या नातेवाइकाला तर असा काही निकाल आहे याचाच पत्ता नाही. तो आतल्या काउंटरवर एमआरपीने पैसे भरतो आणि गपचूप बाहेर पडतो.

आता आपल्याकडे मागणे. लासलगावच्या कांद्याचा भाव आपण रोज छापता. सोन्याचा छापता, गंगापूर धरणाचा साठाही छापता. त्याच पानावर नाशिकमधल्या धर्मादाय रुग्णालयांची नावे, प्रत्येकाच्या निर्धनांसाठी राखीव खाटा किती आणि आज त्यातल्या रिकाम्या किती, एवढी चौकट आठवड्यातून एकदा तरी द्यावी. माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मागता येते. सोबत लागणारी कागदपत्रे आणि उत्पन्नाची मर्यादा (मोफतसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, सवलतीसाठी ३ लाख ६० हजार) बारीक अक्षरांत का होईना छापा. ती चौकट कापून मी माझ्या काउंटरच्या काचेवर चिकटवीन. शेजारचे दोघे मेडिकलवालेही लावायला तयार आहेत.

आपला,
एक औषधविक्रेता,
मुंबई नाका परिसर, नाशिक
(रोज त्याच रुग्णालयांशी गाठ असते, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)