ईस्टविकचे ‘गुलिस्तान’

संपादक महोदय,

एडवर्ड ईस्टविक (१८१४-८३) आपल्याकडे आठवलाच, तर मुंबई-मद्रासच्या प्रवासी हँडबुकापुरता. मुंबई फौजेतला हा अधिकारी १८४५मध्ये हेलीबरीत (ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधल्या कॉलेजात) उर्दूचा प्राध्यापक झाला. १८६०-६३ इराणमधल्या ब्रिटिश वकिलातीत सचिव, मग व्हेनेझुएलाच्या कर्जाची कामगिरी (कुठून कुठे!), १८६८-७४ पेन्रिन-फालमथचा खासदार. त्याचा कस मात्र फारसी कवी सादीच्या ‘गुलिस्तान’च्या १८५२च्या इंग्रजी अनुवादात लागला. सादीचे गद्य गद्यात, पद्य पद्यात आणायचा त्याचा हट्ट. घोटाळा इथेच होतो: फारसी शेराच्या दोन ओळींत जे मावते, ते इंग्रजीत यमकासाठी ताणावे लागते आणि भरीचे शब्द शिरतात. सादीच्या गद्यातली यमके तर निसटतातच. अर्थासाठी त्याचे गद्य धरावे, पद्य मुळाशी ताडून घ्यावे.

— एक वाचक, पुणे