सेल्फ मारल्यावर नुसती टकटक

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

गाडी चालू करायला सेल्फ मारतानाचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. एकच 'टक्' नाही, टकटकटकटक अशी घाईघाईची माळ लागलीये. म्हणजे करंट कमी पडतोय. फोनवरच्या बॅटरीवाल्याने न बघताच "नवीन टाकावी लागेल" असं सांगून टाकलं, त्याला मात्र दोन दिवस थांबव. उतरलेली बॅटरी वेगळी आणि संपलेली वेगळी. कधीकधी तर बॅटरी ठणठणीत असते आणि घोळ नुसता टर्मिनलपाशी, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात तिथे असतो.

किल्ली फिरवली की आधी सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेच्या चुंबकाचा स्विच, आत ओढला जातो. त्याला थोडा करंट पुरतो, म्हणून 'टक्' होतं. मग तो सेल्फच्या मोटरला जोडणी करून देतो, आणि तिची भूक दांडगी. लहान गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते. तेवढा भार पडताच व्होल्टेज कोसळतो आणि सोलेनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्टेज चढतो, की परत टक्. एकच टक् होऊन गप्प झाली असती तर मी सेल्फवर संशय घेतला असता: आतले कॉन्टॅक्ट जळलेत, नाहीतर मोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजलेत. आवाजच आला नसता तर आधी विचारलं असतं, क्लच पूर्ण दाबला होतास का?

खात्री करायची तर हेडलाइट लाव आणि पार्किंगच्या भिंतीवरचा उजेड बघत सेल्फ मार. उजेड एकदम पिवळा पडून विझत आला तर बॅटरी किंवा तिची जोडणी. तसाच लख्ख राहिला तर सेल्फ.

आता बोनेट उघड. गाडी बंद, किल्ली खिशात. टर्मिनल हाताने फिरवून बघ. फिरलं तर बहुतेक चोर तिथेच सापडला. त्यावर पांढरट-हिरवट पूड असेल, तीही करंट अडवते. दहा नंबरचा पाना घे आणि आधी काळी वायर सोड, मग लाल. लावताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. गाडीचं सगळं लोखंड वजाला, म्हणजे काळ्या वायरच्या टोकाला जोडलेलं असतं, त्यामुळे आधी लालला हात घातलास आणि पाना बॉडीला टेकला की शॉर्ट झालाच. बांगडी-अंगठी काढून ठेव. डेपोत अंगठीने भाजलेली बोटं मी पाहिली आहेत, आणि तो माणूस नवशिका नव्हता. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घास. फसफसेल, घाबरू नकोस, फक्त ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. कोरडं पुसून, घट्ट आवळून वरून व्हॅसलिन लाव. वजाची वायर बॉडीला जिथे बोल्टने बसवलीय तिथेही गंज बघ. तुमची इमारत खाडीला लागून. अशा दमट हवेत तो सांधा हमखास सडतो आणि मेकॅनिक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

लॅमिंग्टन रोडवरून व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर आण. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली गेली तर रिकामी. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबलने चालू कर: लाल लालला, काळी त्यांच्या वजाला, आणि शेवटचं काळं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्या तोंडाशी नको. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. नाही आले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बॅटरी चार्ज करत नाही, आणि मग नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत झोपेल. तुझं घरूनच काम, गाडी आठवडाभर उभी, मग स्टेशनपर्यंत जाऊन परत. एवढ्यात काय भरणार ती!

वॉचमनकाका धक्का मारतो म्हणतील. तुमच्या पार्किंगच्या उतारावर अजिबात नको. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

पावसाळ्यात मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. अंधेरी सबवे, मिलन सबवे, कुठेही पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचाच नाही. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथेही एक 'ठक्' येतो आणि माणसाला वाटतं बॅटरी गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर आपल्या गल्लीतल्या एकाने सकाळभर सेल्फ मारला आणि इंजिन उघडावं लागलं. अशा वेळी सरळ टो करून न्यायची.

टर्मिनल साफ केल्यावर काय झालं आणि मीटरचे दोन्ही आकडे कळव. बॅटरी चौथ्या वर्षात आहे, त्यामुळे बदलावी लागली तर आश्चर्य नाही. पण जुनी बॅटरीवाल्याला फुकट देऊ नकोस, तिचे पैसे बिलातून वजा करायला सांग. आईने कुळथाचं पीठ काढून ठेवलंय, रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझे,
बाबा