होडीची जुनी इंजिने आणि घडवून घेतलेली हत्यारे

माननीय संपादक,

पैठणच्या नाथसागर जलाशयावरील मासेमारांच्या जुन्या होडी-इंजिनांना सुटे भाग मिळत नसल्याने ती भंगारात घालावी लागतात, असे मत आपल्या वाचकपत्रांत नुकतेच वाचले. १९०९ पासून विकल्या गेलेल्या एव्हिनरूड या अमेरिकन होडी-इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, हे खरे आहे. परंतु पैठण परिसरात माझ्यासमोर आलेल्या जुन्या इंजिनांत केवळ सुट्या भागावाचून अडलेली थोडीच होती. बहुतेकांचा घात ती खोलताना चाललेल्या छिन्नी-हातोड्याने केला होता.

वरच्या फ्लायव्हीलचेच, म्हणजे जड चाकाचेच पाहा. ते क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते आणि त्याच्या आतल्या कडेला मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रणेची) लोहचुंबके असतात. कडेखाली दोन स्क्रूड्रायव्हर खुपसून ते उचकटले, की खालची कॉइल फुटते. क्रँकच्या टोकावर हातोडा बसला, की आटे पसरतात. कंपनीचा पुलर (चाक ओढून काढायचे हत्यार) नसेल, तर १२ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी पुरते. फ्लायव्हीलवर बहुधा तीन आटेदार भोके मुळातच दिलेली असतात. त्यांवर कागद ठेवून मळक्या बोटाने घासले, की खुणा उमटतात. त्या खुणांवर पट्टीला भोके पाडावीत आणि मधोमध आटे पाडून जाड बोल्ट बसवावा. अशी पट्टी जालन्यात वजनावर मिळते आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतला कोणताही टर्नर (लेथवाला) हे काम करून देईल. फ्लायव्हीलचा नट पूर्ण काढू नये, तो क्रँकच्या टोकाशी समपातळीत ठेवावा, म्हणजे टोकाचे आटे दबत नाहीत. मग पट्टी तीन बोल्टांनी फ्लायव्हीलला जोडून मधला बोल्ट ताणला आणि त्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला, की ‘टक्क’ असा आवाज होऊन टेपर (निमुळता जोड) सुटतो.

अमेरिकन इंजिनांत ही भोके पुष्कळदा ५/१६ इंची असतात. हा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुकानांत मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टला इतका जवळचा, की तो बोल्ट एक-दोन फेरे बिनतक्रार जातो. पण त्या भोकातील आट्यांचे अंतर १.४१ मिलिमीटर आणि या बोल्टचे १.२५ असल्यामुळे पुढे तो अडतो, आणि पान्याला पाइप लावून जोर केला, की भोक कायमचे जाते. इंची बोल्ट शोधण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्याने हे काम हाती न घेतलेलेच बरे.

नट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सुती दोरी सोडून पिस्टन अडवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र सिलिंडरच्या भिंतीलाच एक्झॉस्टची (धूर बाहेर जाण्याची) खिडकी असते. पिस्टन वर सरकून ती झाकल्यावरच दोरी घालावी, नाहीतर तिचा पेड खिडकीत सापडतो.

टॉर्क पाना, म्हणजे नेमक्या जोराने नट आवळणारा पाना महाग आहे, यात शंका नाही. परंतु एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला तानकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवून काटकोनात १० किलोची ओढ दिली, तर सुमारे ३ किलोग्रॅम-मीटर आवळ मिळतो, आणि पुस्तकातील आकड्यावरून किती ओढावे, हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. फ्लायव्हीलचा नट अंदाजाने आवळला आणि ढिला राहिला, तर टेपरमधली अर्धगोल चावी कातरली जाऊन ठिणगीची वेळ चुकते, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरवर येतो! हेड सपाट करण्यासाठी जाड काच आणि पॉलिश पेपर, सील बसवण्यासाठी योग्य मापाचा पाइपाचा तुकडा, पिस्टनच्या रिंगा दाबण्यासाठी ऑइलच्या डब्याचा पत्रा आणि होज क्लिप, हेही चालते. पॅकिंग मात्र ॲल्युमिनियमच्या कडेवर हातोडी टिचवून कापू नये. कड गोल होते आणि मग कोणतेही पॅकिंग गळते.

आपल्या विभागातील आयटीआयमध्ये फिटर व टर्नरचे विद्यार्थी सरावासाठी लोखंडाचे तुकडे घासतात आणि ते तुकडे पुढे कोपऱ्यात पडून राहतात. त्याऐवजी त्यांच्याकडून असे पुलर आणि सील बसवण्याचे ठोकणे करून घेतले, तर मासेमार सोसायट्यांप्रमाणेच अग्निशमन दलांच्या बोटींनाही त्यांचा उपयोग होईल. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत माणसांना पाण्यातून बाहेर काढावे लागले, त्यामुळे बोटीचे इंजिन हा आता केवळ धरणाकाठचा विषय राहिलेला नाही.

अशा कार्यशाळेत पाण्याचे पिंप मात्र हवेच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात इंजिन चालवून पाहण्यासाठी पिंपभर पाणी ओतणे जिवावर येते, हे मान्य. पण इंजिन थंड ठेवणाऱ्या खालच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला, तर पाहता पाहता करपतो, आणि तो कोणत्याही लेथवर घडवून मिळत नाही, विकतच आणावा लागतो.

आपला,
एक निवृत्त फिटर, पैठण