चिनी माती नव्हे, कालवांचे शिंपले

मा. संपादक,

जपानी लोककथांतल्या बाहुल्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण किंतारोच्या छायाचित्राखाली ‘चिनी मातीचा चेहरा’ असे छापले आहे, ते दुरुस्त करावे. चिनी माती समजून कोणी हा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, तर पहिल्या हातातच भुवया जातील.

किंतारो म्हणजे आशिगारा डोंगरात अस्वलाशी कुस्ती खेळणारा बलदंड पोर. खांद्यावर कुऱ्हाड, छाती-पोटावर ‘किन्’ म्हणजे सोने हे अक्षर असलेले लाल फडके. ५ मेच्या मुलांच्या सणाला त्याची बाहुली मांडतात. पारंपरिक पद्धतीत किरी लाकडाचा भुसा गव्हाच्या सत्त्वाच्या खळीत मळून साच्यात दाबतात, वाळवतात आणि त्यावर ‘गोफुन’ चढवतात. गोफुन म्हणजे वर्षानुवर्षे उन्हापावसात ठेवलेल्या कालवांच्या शिंपल्यांची भुकटी. ती खलात घोटायची, कोमट सरस थोडा थोडा घालत कणकेसारखी मळायची, गोळा थाळीवर पुन्हा पुन्हा आपटायचा आणि मग पाण्याने सैल करायचा. सरस उकळला तर त्याचा चिकटपणा जातो. प्रमाणात तो कमी पडला तर भुकटी बोटाला लागते, जास्त झाला तर वाळताना पापुद्रा तडकतो. खालच्या पुटापेक्षा वरच्या पुटात सरस कमी हवा. उलट झाले तर वरचे पूट आकसताना खालच्यालाही उपटून काढते.

नाक आणि ओठांचा उठाव दाट गोफुनचे थेंब ठेवून करतात. काचेचे डोळे आधीच बसवलेले असतात आणि पुटे चढता चढता ते पूर्ण झाकले जातात. मग कारागीर बारीक सुरीने पापणीची रेघ कापतो, पांढऱ्या लेपाखालून काच उघडी होते आणि बाहुली बघू लागते. सगळ्या कामातली ही सर्वांत अवघड जागा. सुरी केसभर सरकली तरी नजर तिरपी होते. शेवटची पुटे अगदी पातळ देतात. त्यांत बुडबुडा राहिला तर वाळल्यावर टाचणीएवढे भोक दिसते. भुवया सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने, एकेक केस ओढून.

फुकुओकाच्या हाकाता बाहुल्या वेगळ्या. त्या भाजलेल्या मातीच्या असतात, पण त्यांच्यावरही काचेची झिलई नसते. रंग भाजणीनंतर लावतात, म्हणून पाणी त्यांनाही वर्ज्य.

बाहुली घरी असेल तर चेहऱ्याला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा गोफुनमध्ये मुरतो आणि पिवळा डाग पडतो, तो निघत नाही. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. हवा दमट असेल तर सरसावर बुरशी धरते, फार कोरडी झाली तर आतला गाभा आकसून वर केसासारखी चीर पडते. म्हणून बाहुली हीटरजवळ किंवा थेट उन्हात ठेवू नये. कोरड्या दिवशी चेहऱ्याभोवती मऊ कागद गुंडाळून ती पेटीत ठेवावी. पेटीत कापूर घातला असेल तर डांबरगोळ्या घालू नयेत. दोन्हींच्या वाफा एकत्र आल्या की त्यांचे पाणी होते आणि रेशमी कपड्यावर डाग पडतात.

– बाहुल्यांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक