स्लेडचे 'माय ओ माय' पुन्हा ऐकावे आणि गावे

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ब्रिटिश ग्लॅम रॉकवरचा, म्हणजे सत्तरीच्या दशकातल्या भपकेबाज वेशातल्या रॉक संगीतावरचा, लेख वाचला. स्लेड या बँडचा विषय त्यात चकाकते कपडे, उंच टाचांचे बूट आणि १९७३ चे नाताळगीत एवढ्यावरच आटोपला आहे. दर डिसेंबरला वाजणाऱ्या त्या एका गाण्याखाली त्यांचे १९८३ चे 'माय ओ माय' कायमचे झाकले गेले. मनाला उभारी देणारे त्यांचे सर्वांत चांगले गाणे आमच्या मते तेच आहे.

गायक नॉडी होल्डर, जिम ली, डेव्ह हिल आणि डॉन पॉवेल हे चौघे इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉलच्या कारखानदारी पट्ट्यातले. १९७१ ते १९७३ या काळात त्यांची सहा गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. १९७३ च्या जुलैत ड्रमवादक पॉवेलला भीषण मोटार अपघात झाला. जीव वाचला, पण स्मरणशक्तीला कायमचा धक्का बसला. तरी तो बँडमध्ये टिकला. सत्तरीचे दशक सरता सरता बँडला कोणी विचारेना. १९८० च्या इंग्लंडमधल्या रेडिंग रॉक महोत्सवात हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बोर्न ऐन वेळी येऊ शकला नाही, त्याच्या जागी स्लेडला बोलावले गेले आणि त्यांनी मैदान मारले. 'माय ओ माय' या दुसऱ्या डावातले आहे. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले; वरच्या जागी फ्लाइंग पिकेट्स ही वाद्यांशिवाय गाणारी मंडळी होती.

होल्डर आणि ली यांनी हे गाणे बांधले आहे मोठ्या साधेपणाने. एक छोटी ओळ, मग 'माय ओ माय', पुन्हा ओळ, पुन्हा तेच पालुपद. भजनाला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही: बुवांनी ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. सुरुवातीला पियानो आणि एकटा आवाज. पुढे थर चढत जातात आणि अखेर सगळा जमाव गातो.

हा चढ फोनच्या स्पीकरवर कळत नाही. खालचे सूर तिथे जवळपास नाहीसे होतात आणि पहिले कडवे व शेवटचे कडवे सारख्याच जाडीचे वाटते. हेडफोन लावा, आणि आवाज आपोआप समपातळीत ठेवणारी 'नाइट मोड'सारखी सोय बंद करा. गाणे निवडताना वर्ष बघा. होल्डर आणि ली नव्वदीच्या सुरुवातीला बाहेर पडले. नंतरच्या संचात होल्डरचा आवाज नाही. सात इंची तबकडी हाती लागली तर ती मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगावर लावा. ३३ वर लावली की सूर हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्यांहून जास्त उतरतात. पियानोचा भाग हळू आवाजाचा असल्यामुळे धुळीची खरखर नेमकी तिथेच टोचते. कोरड्या फडक्याने पुसू नका, धूळ खाचेत आणखी रुतते. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर केलेले मऊ कापड खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मधला कागद भिजू देऊ नका आणि तबकडी अर्धा तास उभी ठेवून वाळू द्या.

शाळा-कॉलेजांच्या वाद्यवृंदांनी आणि हौशी समूहगान मंडळांनी हे गाणे जरूर बसवावे. होल्डरचा आवाज फार वर जातो, म्हणून मूळ पट्टीपेक्षा दोन-तीन स्वर खाली या; हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या धरून मोजा. मग सर्वांत खालचा सूर सगळ्यांना लागतो ना, ते तपासा. पहिले कडवे एकानेच म्हणावे, दुसऱ्यात तीन-चार जण, त्यानंतर सगळे. बहुतेक ठिकाणी पहिल्याच ओळीला चाळीस जण तुटून पडतात आणि मग वाढवायला काही उरत नाही. दुसरी खोड लय पळवण्याची. लय मूळ गाण्यावरून मेट्रोनोमवर (ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) बांधून घ्या आणि तालमीत दर कडव्याला ताडून पाहा.

टाळ्यांचे मात्र जपावे लागते. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच टाळी द्यायची. आवाजाला ३४ मीटर जायला एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे लांबट सभागृहात मागच्यांना ठेका उशिरा ऐकू येतो, ते उशिरा टाळी देतात, ती पुढच्यांना आणखी उशिरा ऐकू येते, आणि दोन कडव्यांत गाणे चिखलात रुतल्यासारखे जड होते. म्हणून टाळी कानाने न देता डोळ्याने द्यावी: पुढे उभ्या असलेल्या एकाच माणसाचा हात बघून. ढोलकी किंवा ड्रम कोपऱ्यात न ठेवता मधोमध ठेवा. टाळ्या शेवटच्या एक-तृतीयांश भागासाठी राखून ठेवाव्यात. शेवटही आधीच ठरवा: पालुपद चार वेळा, चौथ्याला वाद्ये बंद, फक्त आवाज, आणि सगळे एकदम थांबले पाहिजेत.

यंदाच्या नाताळ पुरवणीत या गाण्याला चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती.

— जुन्या तबकड्यांचे काही संग्राहक, पुणे