ताई, तुम्ही आधी पानं मोजायला लावलीत

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

एकाच छोट्या विषयाला धरून चालणारी संकेतस्थळं आणि त्यांवरच्या मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती, या धंद्यात सल्ला देणारे खूप आहेत. बहुतेकांचा सल्ला जाहिरातीचा रंग, आकार आणि जागा यांपासून सुरू होतो. तुम्ही दुसऱ्याच टोकाला हात घातलात. "एकूण कमाईचा आकडा झाकून ठेवा आणि कोणत्या पानाने किती दिले ते सांगा," असं म्हणालात. उत्तर द्यायला कुणाकडेच आकडा नव्हता. त्या एका प्रश्नाबद्दल आभार मानायचे आहेत, आणि तुमचं सांगणं इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

हिशेब तसा शाळकरी आहे. पानाची कमाई भागिले ते पान किती वेळा उघडलं, गुणिले १०००. हा झाला त्या पानाचा आरपीएम. समजा शिलाई मशीनवरचं एक स्थळ आहे. त्यातलं 'शिलाई मशीनचा इतिहास' हे पान महिन्यात ४०,००० वेळा उघडलं आणि २० डॉलर मिळाले, म्हणजे आरपीएम अर्धा डॉलर. 'टाका मध्येच का सुटतो' हे पान ३,००० वेळाच उघडलं आणि १८ डॉलर मिळाले, म्हणजे आरपीएम ६ डॉलर. नुसती वर्दळ बघणारा पहिल्या पानाच्या प्रेमात पडतो आणि इतिहासाचे आणखी चार लेख लिहून बसतो. पण इतिहास वाचणाऱ्याला काही विकत घ्यायचं नसतं. टाका सुटलेल्या माणसापुढे मशीन उघडं असतं, कापड अडकलेलं असतं आणि त्याला सुई, बॉबिन किंवा दुरुस्तीवाला आत्ता हवा असतो. जाहिरातीची जागा लिलावाने जाते, आणि जाहिरातदार बोली लावतो ती या माणसासाठी. तेव्हा पुढचे लेख त्याच पानाची भावंडं हवीत: धागा खाली गोळा का होतो, बॉबिनचा ताण कसा जुळवायचा, कोणत्या कापडाला कोणती सुई, तेल कुठे आणि किती.

पानवार आकडे मिळवायला गूगलच्या जाहिरात-सेवेत, म्हणजे अ‍ॅडसेन्समध्ये यूआरएल चॅनेल (पानाच्या पत्त्यावरून ठेवलेली वेगळी नोंद) लावायची, हेही तुम्हीच दाखवलंत. पूर्ण पत्ता दिला तर एका पानाची नोंद होते, फोल्डरचा पत्ता दिला तर त्याखालच्या सगळ्या पानांची. चॅनेल ज्या दिवशी लावलं त्या दिवसापासूनच मोजतं. मागचं काही मिळत नाही. म्हणून लेख लिहून झाल्यावर नव्हे, विभाग उघडतानाच चॅनेल लावायचं.

दुसरे आभार शीर्षकांवर चालवलेल्या कात्रीबद्दल. ती जरा झोंबली, पण बरोबर होती. जाहिरात जुळवणारं यंत्र पानावरचे शब्द वाचतं. लेखकाची लाडिक कल्पना त्याला कळत नाही. टाका सुटण्याच्या लेखाला 'रुसलेली सखी' असं शीर्षक आणि खाली "ती कधीकधी ऐकतच नाही, मग काय करायचं?" अशी सुरुवात असली, तर त्या पानावर नातेसंबंधांच्या सल्ल्याची जाहिरात आली यात नवल नाही. तुम्ही शीर्षक केलंत, 'शिवताना टाका सुटतो: सुई, धागा आणि कापड कसं तपासावं'. पहिल्या परिच्छेदातली 'ती', 'हे', 'असं' ही सर्वनामं काढून तिथे नामं बसवलीत: बोथट सुई, उलटी बसलेली सुई, होजिअरीच्या कापडाला लागणारी गोल टोकाची सुई. लेख लांबला नाही, उलट दोन ओळींनी आखूड झाला. वाचणाऱ्यालाही पहिल्या तीन ओळींत कळलं की आपण योग्य ठिकाणी आलो आहोत.

त्याच पानावर सुयांच्या नंबरांचा तक्ता होता, पण फोटोच्या रूपात. फोटोतल्या अक्षरांवर जाहिरात जुळवण्यासाठी विसंबता येत नाही, आणि मोबाइलवर ती वाचताही येत नाहीत. तोच तक्ता खऱ्या मजकुरात टाकला, ७०/१० तलम कापडाला, ८०/१२ साध्या सुतीला, ९०/१४ जाडसर कापडाला, १००/१६ जीन्सला, की पानाला आणखी डझनभर नेमके शब्द मिळतात. यावर तुमची ताकीदही आठवते: शब्द कोंबायचे नाहीत. 'शिलाई मशीन सुई' हे वीस वेळा लिहिल्याने बोली वाढत नाही. वाचणारा मात्र पळतो.

याच्याशी जोडलेली एक गफलत इतकी साधी आहे की ती कुणी तपासत नाही. अ‍ॅडसेन्सचा स्वतःचा वाचक-रोबॉट वेगळा असतो, मीडियापार्टनर्स-गूगल या नावाचा. शोधासाठी येणाऱ्या रोबॉटशी त्याची गल्लत करू नये. कोणत्या रोबॉटने कुठे यायचं ते सांगणाऱ्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये कुणी त्याच्या नावाने बंदी घातली असेल, किंवा मजकूर लॉगिनच्या मागे असेल, तर त्याला पान वाचता येत नाही आणि जाहिराती भलत्याच विषयाच्या येतात. नवीन पानावरही रोबॉट येऊन जाईपर्यंत हेच दिसतं. पहिल्या दिवशीच्या जाहिराती बघून घाबरायचं नाही, दोन-तीन दिवस थांबायचं.

आता जागेबद्दल. इथे तुम्ही पट्टी घेऊन बसलात, आणि त्याचा फायदा सगळ्यांत लवकर दिसला. पुष्कळ मोबाइलची रुंदी ३६० पिक्सेल धरली जाते. मजकुराला दोन्ही बाजूंनी १६-१६ पिक्सेल समास असला तर उरतात ३२८. मग ३३६ बाय २८० ची जाहिरात तिथे बसणारच नाही. ३०० बाय २५० किंवा ३२० बाय १०० वर भागवावं लागेल. जाहिरातीच्या डब्यापुरता समास दोन्ही बाजूंनी १२ पिक्सेल केला की रुंदी बरोबर ३३६ होते आणि ३३६ बाय २८० आणि ३०० बाय २५० हे दोन्ही आकार लिलावात उतरतात. एका जागेसाठी जितके जास्त आकार चालतात, तितके जास्त बोलीदार.

डब्याची किमान उंचीही आधीच राखून ठेवायची, या उदाहरणात २८० पिक्सेल. नाहीतर जाहिरात उशिरा येते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचणाऱ्याचं बोट नको तिथे पडतं. ही उडी सीएलएस या मापाने मोजतात, ते ०.१ च्या आत असावं. चुकून पडलेल्या बोटाची कमाई टिकत नाही. जाहिरातीच्या जागेमुळे असे क्लिक होताहेत असं गूगलला दिसलं, तर तिथल्या जाहिरातीवर आधी खात्री करून घेणारा दुसरा क्लिक मागितला जातो आणि त्या जागेची कमाई बसते. म्हणूनच 'पुढचं पान', 'डाउनलोड' आणि मेनूची बटणं यांच्या जवळ जाहिरात ठेवायची नाही. जाहिरातीच्या डोक्यावर 'उपयुक्त दुवे' असं लिहिणं तर सरळ नियमभंग आहे. ती जाहिरात आहे किंवा प्रायोजित दुवा आहे एवढंच लिहिता येतं.

मग जागा कुठे? तुमचं उत्तर होतं, वाचणारा जिथे आपणहून थांबतो तिथे. टाका सुटण्याच्या पानावर तो 'सुई बदला, पुन्हा ओवा आणि चिंधीवर दहा टाके घालून बघा' या पायरीनंतर थांबतो, कारण त्याला ते करून बघायचं असतं. तिथला डबा डोळ्यांसमोर राहतो. गूगलच्या मोजणीत जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर दिसला तरच ती 'दिसली' असं धरतात. तळाशी, कुणी पोचतच नाही तिथे ठेवलेले डबे हे प्रमाण खाली ओढतात, आणि दृश्यता कमी म्हटल्यावर जाहिरातदारही हात आखडतो. सात डब्यांचे चार करा, हे तुमचं म्हणणं म्हणूनच पटलं. २०१६ मध्ये अ‍ॅडसेन्सने पानावर तीनच जाहिरातींची मर्यादा उठवली. ती उठवली म्हणून भरायलाच हवं असं नाही. मोबाइलवर जाहिरातींची उंची मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांवर गेली तर जाहिरात-उद्योगाने ठरवलेल्या चांगल्या जाहिरातींच्या मापदंडांत ते पान बसत नाही.

एका बाबतीत मात्र आमचं तुमच्याशी जमत नाही. आपोआप लागणाऱ्या सगळ्याच जाहिराती बंद ठेवा, असं तुम्ही म्हणता. पान बदलताना पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात बंद, हे मान्य. दुरुस्तीचं उत्तर शोधणारा माणूस बहुतेकदा एकच पान वाचून जातो, त्यामुळे ती फारशी दिसतही नाही आणि दिसली तर फक्त चीड आणते. पण पडद्याच्या तळाला चिकटणारी, बंद करता येणारी पट्टी चालू ठेवायला हरकत नसावी. मजकुराला धक्का न लावता दिसत राहणारी जागा ती एकच.

चाचण्यांबद्दलचा तुमचा हिशेब तर भिंतीवर लावण्यासारखा. एका मांडणीला ३,००० पानदर्शनं आणि ३० क्लिक, दुसरीला तेवढ्याच दर्शनांत ३६. लोक लगेच दुसरी मांडणी जिंकली म्हणून टाळ्या वाजवतात. पण ३० आणि ३६ यांची बेरीज ६६, तिचं वर्गमूळ साधारण ८. फरक ६ चा. नुसत्या योगायोगाने एवढं होतंच. योगायोग वगळायचा तर फरक त्या ८ च्या दुपटीच्या, म्हणजे १६ च्या पुढे जायला हवा. छोट्या स्थळाला तेवढी वर्दळ जमायला आठवडे लागतात, म्हणून एका वेळी एकच बदल, आणि सोमवार ते रविवार असे पूर्ण चार आठवडे. डिसेंबरात केलेल्या बदलाची जानेवारीशी तुलना करायची नाही. वर्षअखेरीस जाहिरातदारांचे खिसे सैल असतात आणि जानेवारीत ते आवळले जातात, तुम्ही काहीही करा.

'कमी पैसे देणारे जाहिरातदार अडवा म्हणजे भारी येतील' हा गैरसमज तुम्ही एका वाक्यात मोडलात: लिलावातून माणूस उठवून बोली चढत नाही. स्वस्त जाहिरात येते तेव्हा तिच्यापेक्षा जास्त देणारा त्या क्षणी कुणी हजरच नसतो. तिला अडवलं तर तिच्याहून स्वस्त येते, नाहीतर जागा रिकामी राहते. वाचणाऱ्यांना फसवणाऱ्या किंवा विषयाला न शोभणाऱ्या जाहिराती मात्र जरूर अडवाव्यात, तिथे पैशाचा विचार नको.

जाहिरातीच्या पैशातल्या आपल्या वाट्याचा घोळही सोडवलात. पूर्वी मजकुराच्या पानांवरच्या जाहिरातींचे ६८ टक्के मिळत, हे सगळ्यांना पाठ होतं. २०२४ च्या सुरुवातीपासून जाहिरातदाराच्या बाजूच्या यंत्रणेचं शुल्क आधी वजा होतं आणि उरलेल्याचे ८० टक्के मिळतात. जाहिरात गूगलच्या जाहिरातदारांसाठीच्या यंत्रणेतून, म्हणजे गूगल अ‍ॅड्समधून आली तर हाती साधारण तेच ६८ टक्के येतात. त्याच वेळी पैसे क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मोजायला सुरुवात झाली. त्यामुळे क्लिकचा दर घसरला म्हणून डोकं धरून बसण्यात अर्थ नाही, पानाचा आरपीएम बघायचा.

महिन्याचा आकडा अंदाजी असतो. अवैध क्लिक वजा होऊन पक्का आकडा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येतो, आणि १०० डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत. विकत आणलेली वर्दळ इथेच अंगाशी येते. युरोपातल्या वाचणाऱ्यांसाठी १६ जानेवारी २०२४ पासून गूगलने मान्य केलेली संमती-खिडकी लागते. ज्यांनी संमती दिली नाही त्यांना त्यांच्या आवडीनिवडीवरून जाहिरात दाखवता येत नाही, म्हणजे तिथे पानावरचा मजकूर हाच मुख्य आधार. 'रुसलेली सखी' तिथे आणखीच महागात पडते.

आणि तो शेवटचा सल्ला, ज्याचा गूगलशी संबंधच नाही: सुया आणि सुटे भाग विकणाऱ्याला सगळ्यांत कमाऊ पानावरची एक जागा महिन्याच्या ठरावीक भाड्याने थेट द्या. भाडं ठरवायला त्या जागेची सध्याची मासिक कमाई हा पाया धरायचा आणि त्याखाली उतरायचं नाही. दुव्याला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावायची, म्हणजे शोधयंत्राच्या नजरेत तो विकत दिलेला छुपा दुवा ठरत नाही.

एवढं सगळं तुम्ही एक पैसा न घेता, प्रत्येकाचं पान उघडून समजावलंत. मनापासून आभार.

आपले,
छोट्या विषयांच्या संकेतस्थळांचे काही चालक

ता. क. अ‍ॅड्स डॉट टीएक्सटीचा (स्थळावर जाहिराती विकायचा अधिकार कुणाला ते सांगणाऱ्या फाइलचा) इशारा जात नाही असं विचारणाऱ्यांसाठी तुमचं उत्तर इथेच देतो. फाइल मूळ पत्त्यावरच हवी, फोल्डरमध्ये नको. ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेले चार भाग असतात, आणि पब या अक्षरांपुढचा क्रमांक १६ आकडी असतो. कॉपी करताना शेवटचा आकडा हमखास गळतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून बघा: नुसता मजकूर दिसायला हवा, स्थळाचा मेनू दिसला तर फाइल जागेवर नाही. दुरुस्तीनंतर इशारा लगेच जात नाही, काही दिवस लागतात.